उघाडीवरचा कॅमेरा

सुभद्रा घाडीच्या घरात सकाळचा पहिला चहा जनावरांबरोबर व्हायचा. आदल्या दिवशी कॅमेऱ्यातून काढून आणलेलं कार्ड ती एका बोटभर पट्टीत बसवून टीव्हीच्या पाठीमागे खोचायची आणि चहा उकळेपर्यंत रिमोटने फोटो पुढे सरकवत राहायची. गवत. गवत. शेजाऱ्यांची म्हैस. परत गवत. खाटेवर बसलेल्या सासूला, काशीबाईला, हे फार आवडायचं.

"ह्यो कोण गो?"

"कोल्हो."

"मेल्याक घरात कोण वाढणारा नाय वाटता. बरगडे बघ."

नवरा बाबली ओटीवर पायताण घालता घालता विचारायचा, "आज तरी तुजी पाणमांजरां इली?" आणि उत्तराला न थांबता देवळाकडे निघायचा. त्यात चेष्टा होती, पण जाच नव्हता. बायको संध्याकाळची खाडीच्या चिखलात उतरते, झाडांना डबे बांधते, याबद्दल गावात बोलणाऱ्यांना त्याने एकदाच उत्तर दिलं होतं: "तुमच्या बायलो शिरियली बघतत, माजी बायल कोल्हे बघता. तुमका काय जाता?"

सुभद्रा बांद्याच्या बाजारपेठेतली. वडिलांचं भुसारी दुकान. लग्न होऊन कांदेवळात आली तेव्हा भाताचं रोप आणि गवत यातला फरक तिला कळत नव्हता आणि सासरचे लोक तो विनोद दहा वर्षं पुरवून वापरत होते. मग ती गावच्या बालवाडीत मदतनीस झाली. पोरं कमी होत होत बालवाडी बंद पडली, मुलगा अनिश नोकरीला पुण्यात गेला, आणि घरात दुपार फार लांब होऊ लागली. तेवढ्यात स्वप्ना आली. सावंतवाडीची मुलगी, खाडीतल्या पाणमांजरांचा अभ्यास करणारी. तिला कॅमेऱ्यांच्या बॅटऱ्या बदलायला गावातलं कुणीतरी हवं होतं. अभ्यास दोन वर्षांत संपला, स्वप्ना दुसऱ्या कामाला लागली, पण जाताना चार जुने कॅमेरे सुभद्राकडे ठेवून गेली. "काकी, चालतील तितके दिवस चालवा," म्हणाली.

ते चालवणं म्हणजे रोजचं नशीब बघणं होतं. कॅमेरा समोर काही हललं की आपोआप फोटो काढतो, आणि खाडीकाठी गवतासारखं हलणारं दुसरं काही नाही. वारं सुटलं की कार्ड गवतानेच भरायचं. खाऱ्या हवेने बॅटऱ्यांच्या टोकांना हिरवं पीठ धरायचं. एका डब्यात मुंग्यांनी घर केलं. तिने महिनाभर जे धुकं समजून पाहिलं ती काचेमागची मुंग्यांची अंडी होती. एक कॅमेरा माकडांनी उपटला आणि जाण्यापूर्वी स्वतःच्या नाकपुड्यांचे फोटो ठेवले. एक पुनवेच्या भरतीत बुडाला. तो तिने तांदळाच्या डब्यात पुरून सुकवला आणि तो परत चालू झाला, त्या दिवशी तिने शिरवाळे केले होते. कधी साळिंदर पिसारा फुलवून यायचं. एकदा बिबट्या, थेट विहिरीच्या वाटेवर, कॅमेऱ्याकडे बघत. तो फोटो तिने भाबडेपणाने शेजारणीला दाखवला आणि महिनाभर वाडीतल्या बायका पाण्याला घोळक्याने जाऊ लागल्या आणि प्रत्येक घोळका तिच्या नावाने खडे फोडत जाऊ लागला.

पाणमांजर मात्र धड कधी आलं नाही. खाडीच्या बंधाऱ्याला भरतीचं पाणी अडवणारं लाकडी दार आहे, त्याला उघाडी म्हणतात. तिथल्या चिऱ्यांवर त्यांची विष्ठा सापडायची, माशांच्या खवल्यांनी चकाकणारी. म्हणजे येत होती. पण कॅमेऱ्यात कधी नुसती शेपटी, कधी ओल्या पाठीचा काळा फराटा, कधी काचेला इतकी चिकटलेली मिशी की ती मिशी आहे हे स्वप्नानेच ओळखावं. माणसांची ये-जा बंधाऱ्यावरून दिवसभर असते. कुत्री तर रात्रभर. स्वप्ना फोनवर म्हणायची, "काकी, बिचकतात ती. सगळं कुटुंब निवांत बसलेला एक फोटो मिळाला ना, तर या खाडीत त्यांचं घर आहे हे कुणी नाकारू शकणार नाही." सुभद्राला नाकारणाऱ्यांशी घेणं नव्हतं. तिला तो फोटो हवा होता. इतकी वर्षं ज्यांच्यासाठी चिखल तुडवला ती तिला एकदा पुरती बघायची होती.

मार्गशीर्षात गावपळण ठरली.

कांदेवळात दर तीन-चार वर्षांनी ती होते. ग्रामदैवत रवळनाथाचा कौल मिळाला की दिवस ठरतो, आणि त्या दिवशी अख्खं गाव घरांना कड्या घालून वेशीबाहेर जातं. माणसं जातात, गुरं, कोंबड्या, कुत्री, मांजरं सगळी जातात. तीन दिवस, तीन रात्री गाव देवाचं. खाडीपलीकडच्या माळावर झावळ्यांच्या खोपी पडतात, चाकरमानी रजा काढून येतात, भजनं होतात, पत्ते रंगतात. चौथ्या सकाळी फक्त मानकरी देवळात जाऊन कौल घेतात: देवाच्या पाषाणाला ओल्या कळ्या लावायच्या, उजवीची आधी पडली तर होकार, डावीची पडली तर नकार. होकार मिळाला की नौबत वाजते, आणि ती ऐकून गाव परत फिरतं.

गाव रिकामं करून देवाच्या हवाली करायचा मान घाडी घराण्याचा. बाबली सगळ्यांच्या शेवटी निघायचा. वाड्यावाड्यांतून फिरून, वेशीवर उभा राहून तो गाऱ्हाणं घालायचा: बा देवा महाराजा, ह्या गावात आमचा असा काय्येक रवाक नाय, गाव तुज्या हवाली केला, तूच राखण कर. आणि पलीकडे उभं असलेलं गाव एका आवाजात म्हणायचं, व्हय महाराजा. बाबली एरवी साधा माणूस. कंत्राटदाराने फसवलेला, भावकीने बांधावरून दमवलेला. पण त्या घटकेला अख्खं गाव त्याच्या शब्दावर उभं असायचं, आणि हे त्यालाही ठाऊक होतं. गाऱ्हाण्याच्या आधी तो आठवडाभर सुपारीसुद्धा खात नसे.

स्वप्नाचा फोन आला होता. "काकी, तीन दिवस एकही माणूस नाही, कुत्रं नाही... असं पुन्हा कधी मिळणार? पण तुमच्या देवाचं काही असेल तर राहू दे हं." ती लगेच दुसरं बोलू लागली. सुभद्राचं मन मात्र तिथेच राहिलं.

चार दिवस तिने स्वतःशी वाद घातला, भाकऱ्या थापताना, काशीबाईची पाठ शेकताना. घरातलं घड्याळ चालूच राहतं ना. फ्रीज चालू राहतो. कॅमेरा काही जिवंत नाही, श्वास घेत नाही. मग तिला वाटे, घड्याळ काही बघत नाही. आणि हा वाद बाबलीपुढे मांडला तर तो काय म्हणेल ते तिला माहीत होतं, म्हणून तिने तो मांडला नाही.

निघायच्या सकाळी ती गाठोडी बांधत होती तेव्हा बाबलीने दारातून विचारलं, "कॅमेरे सगळे काढलंस?"

"काढलंय," ती म्हणाली.

तीन काढले होते. उघाडीवरचा चालू होता, नव्या बॅटऱ्या घालून.

वेशीपलीकडे गर्दीत उभं राहून तिने गाऱ्हाणं ऐकलं. आमचा असा काय्येक रवाक नाय. तिने सगळ्यांबरोबर व्हय महाराजा म्हटलं, आणि म्हणताना आवाज निघतोय की नाही हे तिचं तिलाच कळलं नाही.

तीन दिवस मजेत गेले, लोकांचे. चुली पेटल्या, पोरी फुगड्या घालून घालून घसे बसवून आल्या, बाबलीचा चुलतभाऊ शंकर तीनपानीत हरला आणि तो राग त्याने पोरावर ओरडून काढला. सुभद्रा सगळ्यांत होती. पण दर थोड्या वेळाने तिची नजर खाडीपलीकडे जायची. तिथे बंधारा दिसायचा, तपकिरी रेघेसारखा, आणि त्यावर कोणी नसायचं.

चौथ्या सकाळी सगळे गाठोडी बांधून बसले. नौबत वाजली नाही.

मानकरी परत आले ते मान खाली घालून. डावा कौल. गावात काही राहिलंय का असं विचारलं, त्याला उजवा. बाबलीने गावाला हे सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा ओढलेला होता. प्रत्येक घराने आपापलं आठवावं, म्हणाला, दुसऱ्या सकाळी परत कौल घेऊ.

आणि मग माळावर जे सुरू झालं ते एरवी हसण्यासारखं होतं. कोणाचं मांजर मोजणीत एक कमी होतं. कोणी मोबाइल चार्जिंगला लावून आलं होतं. वरच्या वाडीतल्या बाईने खुडूक कोंबडी आणली होती, पण तिच्याखालची अंडी घरी टोपलीतच राहिली होती.

"अंड्यात जीव आसा की नाय?"

"ता कोंबयेक इचार. बसान ती होती."

"तुका थट्टा सुचता? म्हाताऱ्यांनी आनी एक रात थंडीत काढूची?"

म्हाताऱ्यांत काशीबाई होती. आदल्या रात्रीपासून तिला खोकला लागला होता. खोपीत गोधडीखाली ती वाळक्या झावळीसारखी खुळखुळत होती आणि मधेच म्हणत होती, "माजो काय भरवसो नाय. मी गेलंय तर गावात तरी नेशात मा?" सुभद्राने तिला आल्याचा काढा दिला, आणि दुपारी भांडी घेऊन पाण्याच्या काठावर गेली, जिथे बाबली एकटा बसला होता.

तिने आधी टोप घासला. मग तवा. मग म्हणाली, "आयकलास? उघाडीवरचो कॅमेरो रवलोहा."

बाबली वळला.

"इसारलंस," तो म्हणाला. विचारल्यासारखं नव्हे, दार उघडून धरल्यासारखं.

तिला फक्त मान हलवायची होती.

"इसाराक नाय. ठेवलंय."

"मी इचारलंय तेव्हा काढलंय म्हणालंस."

"होय."

"आनी मी थंय उभो रवान देवाक काय सांगलंय?"

ओरडला असता तर तिला सोपं गेलं असतं. तो उठला, धोतराची वाळू झटकली आणि मानकरी बसले होते तिकडे चालत गेला. लांबून तिला त्यांची डोकी दिसत होती. शंकरचा आवाज एकदा चढला आणि उतरला.

थोड्या वेळाने शंकरच खोपीशी आला. तिला वाटलं, आता ऐकून घ्यायचं. पण त्याचा स्वर मऊ होता.

"वयनी, जीवाक लावन घेव नको. बाबलीन सांगल्यान आमका. पळणीची धावपळ, म्हातारीची दुखरी पाठ, माणसाक इसार पडता. उद्या तो देवाक सांगतलो, इसार पडलो म्हणान. देव माफ करतलो."

सुभद्राच्या हातातला काढ्याचा पेला तसाच राहिला.

खोटं बोलायला बाबलीला येत नसे. बाजारात माशाचा भाव पाडताना आंबट तोंड करावं लागतं तेही त्याला जमत नसे. आणि तो माणूस तिच्यासाठी मानकरी पंचांपुढे बसून खोटं बोलून आला होता, आणि उद्या तेच देवापुढे बोलणार होता, ओल्या कळ्या हातात घेऊन, आठवडाभर सुपारी न खाता. तिचं एक खोटं त्याने नकळत वेशीवर म्हटलं होतं. हे दुसरं तो जाणून म्हणणार होता.

काशीबाई गोधडीतून बघत होती. म्हातारीला कमी ऐकू येई, पण नको तेवढंच.

"जाणून ठेवलंस मा तू ता?" ती म्हणाली.

"होय."

"मगे बस नको हंय. जा."

मानकरी वडाखाली बसले होते. तिथे बायका बोलायला जात नाहीत. पाणी द्यायला जातात. सुभद्रा गेली आणि पदर डोक्यावरून घेऊन उभी राहिली. बाबलीने वर पाहिलं आणि त्याला कळलं. त्याने नकारार्थी मान हलवली, अगदी बारीक.

"माका इसार पडाक नाय," ती म्हणाली. "मी जाणून ठेवलंय. ह्यांनी इचारल्यानी तेव्हा खोटा बोललंय. ह्यांनी देवाक सांगलेला ता माज्या खोट्यान सांगलेला. आता इसार पडलो म्हणान सांगूक नको. मी उभी रवतंय थंय, देवळाच्या भायर. माजा नाव घेवन सांगा."

वयस्क मानकरी, ज्यांना सगळे भाई म्हणत, त्यांनी तंबाखू थुंकली आणि बाबलीला विचारलं, "मगे तू आमका इसार कित्याक सांगलंस?"

बाबली म्हणाला, "माजी बायल आसा ती, भाई."

एवढंच. पण त्यानंतर जे व्हायचं होतं ते त्याने कोणाला बोलू दिलं नाही. स्वतःच म्हणाला, "उद्या गाऱ्हाणा शंकर घालतलो. मी पंचांत खोटो पडलंय. माज्या तोंडान नको." शंकर नाही नाही म्हणू लागला, त्याला शब्द पाठ नव्हते. बाबलीने संध्याकाळी खोपीमागे बसून त्याला ते शिकवले. सुभद्राने भाकऱ्या भाजताना ऐकलं: एकाचा जुना सवयीचा आवाज, त्यामागून दुसऱ्याचा चाचपडणारा. बाबली चार पिढ्यांचा मान शब्दाशब्दाने काढून दुसऱ्याच्या हातात देत होता, आणि शंकर चुकला की न चिडता परत सांगत होता.

सकाळी तिने देवळाच्या पायऱ्यांखाली उभं राहून आपलं नाव ऐकलं. शंकर दोनदा अडखळला. बाबली माळावर राहिला होता, लोकांत, आईची खाट धरून. उजवी कळी पडली म्हणतात. ती सुभद्राने पाहिली नाही. नौबत मात्र डोक्यावरच वाजली, आणि पाठीमागून खाडीपलीकडून गावाचा गलका उठला.

पंचांनी ठरवलं होतं: जे बघायला नको होतं ते गावात राहू नये. कार्ड खाडीत सोडायचं. सुभद्राने ते आधीच मान्य केलं होतं. कॅमेरा तिचा तिला ठेवू द्यावा, असं भाईच म्हणाले.

उघाडीवर ती आणि बाबली दोघंच गेली. शंकर वाटेवर थांबला, बहुतेक मुद्दाम. बंधाऱ्यावरची पाच दिवसांची माती कोणी तुडवली नव्हती. आणि चिऱ्यांच्या कठड्यावर, कॅमेऱ्याच्या बरोबर समोर, पाणमांजरं सगळी लिहून ठेवल्यासारखी होती. ताजी विष्ठा. अर्धवट खाल्लेल्या खेकड्याच्या नांग्या. सुकलेल्या चिखलात पावलं, पाच बोटांची, बोटांमध्ये पडद्याची पुसट खूण. मोठी पावलं, आणि त्यांच्यात घुसलेली, त्यांच्यावरून गेलेली, घसरलेली लहान पावलं. पिल्लं इथे लोळली होती. एका जागी चिखल पार गुळगुळीत झाला होता. बाबली तिथे खाली बसला आणि पावलं बघून उठला.

कॅमेऱ्याचा लाल दिवा एकदा लुकलुकला. तो अजून चालू होता. त्याने त्या दोघांचाही फोटो काढला असणार.

तिने डबा उघडला, कार्ड काढलं आणि बाबलीपुढे धरलं. त्याने घेतलं नाही.

"तूच टाक. तुजा आसा."

त्या नखाएवढ्या तुकड्यात काय होतं ते तिला पक्कं माहीत होतं. पायाखाली दिसत होतंच. घरी टीव्ही होता, लाइट होती, चहा होईपर्यंतचं काम होतं. बाबली पाण्याकडे बघत उभा होता, तिच्याकडे नव्हे. तिने कार्डाची मूठ मिटून दुसरी, रिकामी उघडली असती तरी त्याने पाहिलं नसतं. सुभद्राने ते भरतीच्या पाण्यात सोडलं. ते लगेच बुडालं नाही. एक गिरकी घेतली, उघाडीच्या लाकडाला लागलं, आणि मग दिसेनासं झालं.

घरी आल्यावर दिवसभर कामं होती. जळमटं, पाणी भरणं, काशीबाईला शेक. बाबली तिच्याशी कामापुरतं बोलला. रवळनाथाच्या पुढच्या जत्रेत गाऱ्हाणं कोण घालणार, हे ना कोणी विचारलं, ना त्याने काढलं.

दोन दिवसांनी संध्याकाळी स्वप्नाचा फोन आला. सुभद्राने तो ओटीवर घेतला, बाबली तिथेच सुंभ वळत बसला होता. तिने सगळं सांगितलं, काही न लपवता.

"काकी," स्वप्ना म्हणाली, "एकदा बघायचं तरी होतं."

"नाय गो."

"पावलांचे फोटो? मोबाइलवर तरी काढले असतील ना?"

"मोबाइल घरात होतो."

"म्हणजे काहीच नाही." ती नाराज होती आणि नाराजी लपवायचा प्रयत्न करत होती. "मी नोंद करून ठेवते, विष्ठा आणि पावलं. पण नुसत्या सांगण्यावर कोण विश्वास ठेवणार, काकी? कोणाचं नाव घालू? पाहिलं कोणी?"

सुभद्राने तोंड उघडलं, पण बाबलीने हात पुढे केला होता. तिने फोन त्याच्या हातात दिला. तो फोनवर शहरातल्या माणसांशी बोलायचा तशी सावरून, पुस्तकी मराठी बोलला.

"मी बघितली आहेत. आई आणि पिल्लं. उघाडीच्या कठड्यावर बसली होती, चिखलात खेळली होती. पावलं मी खाली बसून बघितली." त्याने सुंभ मांडीवरून बाजूला ठेवलं. "माझं नाव घाला. बाबली विठू घाडी, कांदेवळ. कोणी विचारलं तर मी येऊन सांगेन."

फोन परत देऊन त्याने सुंभाचं टोक बोटाला गुंडाळलं आणि वळायला घेतलं. सुभद्रा खांबाला टेकून उभी राहिली. आत काशीबाई खोकत होती, आणि थोड्या वेळाने ती तिला पाणी द्यायला गेली.